रेघेपर्यंत पाणी

मी धुण्याचं काम करते असं सांगितलं की लोकांना चादरी आणि टॉवेल आठवतात. नवी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात आमचा विभाग आहे आणि तिथे मी माणसांच्या श्वासाला लागलेल्या वस्तू धुते. व्हेंटिलेटरच्या घड्याघड्यांच्या नळ्या, तोंडावर बसवायचे मास्क, हाताने दाबून श्वास द्यायचे फुगे, औषधाची वाफ घ्यायच्या वाट्या. एका पेशंटचं काम झालं की त्या खाली आमच्याकडे येतात आणि आमच्याकडून निघाल्या की दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडावर बसतात. मधल्या वेळात पहिल्या माणसाचं काहीही त्यांच्यात उरता कामा नये, एवढंच आमचं काम.

त्याची रीत ठरलेली आहे. आधी सगळे जोड सुटे करायचे. मग गार पाणी. गरम पाणी आधी घातलं तर कफ आणि रक्त शिजून चिकटून बसतं, हे नव्या मुलींना दहा वेळा सांगावं लागतं. मग साबणासारखं एक औषध, बारीक ब्रश, पुन्हा पाणी, मग जंतुनाशकात घड्याळ लावून बुडवून ठेवणं, पुन्हा स्वच्छ पाणी आणि शेवटी वाळवणं. वाळवणं सगळ्यात कंटाळवाणं. नळीच्या घडीत एखादा थेंब दडून बसतो आणि बाहेरून काही कळत नाही. आमच्या इन्चार्ज सिस्टर नळी दिव्यासमोर धरून एक डोळा मिटून आरपार बघतात. "झालं" या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. कुणी "झालं सिस्टर" म्हटलं की त्या म्हणतात, "दाखव."

अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली राहून मलाही तीच खोड लागली. मी कोपरखैरण्याला राहते. घरी नवऱ्याने "गॅस बंद केला" म्हटलं तरी मी उठून बघून येते. तो चिडतो. पण माझ्या माहेरी, माझ्या आईला, मी "दाखव" म्हटलं नाही. म्हणजे म्हटलं, पण चुकीची गोष्ट दाखव म्हटलं. त्याचीच ही गोष्ट आहे. मला ती कुणाला तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझं माहेर दिवाळ्याचं, बेलापूरजवळच्या कोळीवाड्यातलं. वडिलांनी सगळं आयुष्य खाडीत होडी घातली. आधी वल्ह्याची, मग इंजिनाची. इंजिनाचा धूर आणि बिडीचा धूर यांतला कुठला जास्त त्यांच्या छातीत बसला ते देव जाणे. साठी उलटल्यावर त्यांना धक्क्यापासून घरापर्यंत यायला मध्ये दोनदा बसावं लागायला लागलं. मग अंगणापर्यंतच. मग मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरून. डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसं झिजली आहेत, ती भरून येणार नाहीत, घरी ऑक्सिजनचं यंत्र लावा आणि दिवसातून तीनदा औषधाची वाफ द्या.

यंत्र आलं. पलंगाच्या उशाशी ते दिवसभर घुर्र घुर्र करायचं. बाबा त्याला "इंजिन" म्हणायचे. नाकात नळी घालून पडल्या पडल्या म्हणायचे, "मना बांधून ठेवलाय दोरीनं. होरी खुंट्याला बांधतात तसा." आणि आई पाठमोरी झाली की मला डोळा मारून विचारायचे, "बाय, इंजिन बंद करून एक बिडी ओढू क?" मी रागावले की खोकत हसायचे. त्या हसण्याने त्यांना दम लागायचा. मग मला त्यांचा जास्तच राग यायचा आणि मागाहून माझाच.

यंत्राला एक प्लास्टिकची बाटली असते. ऑक्सिजन त्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे काढत वर येतो, म्हणजे नाक-घसा कोरडा पडत नाही. बाटलीवर दोन रेघा असतात, एक वरची आणि एक खालची. पाणी त्या दोन रेघांच्या मध्ये हवं. बाटली छोटी, हाताच्या पंजात मावणारी. सगळं यंत्र राहिलं बाजूला, मला आता तीच डोळ्यांपुढे दिसते.

आईबद्दल सांगायला हवं. ती मासळी विकायची. बाबा घरी बसल्यावरही सकाळचे तीन तास बाजारात बसून यायची. तिच्यासारखी स्वच्छ बाई मी पाहिली नाही. बाजारातून आली की पाटी, विळी, वजनाचा काटा, स्वतःचे हातपाय, सगळं मोरीत घासून मगच ती घरात पाय टाकायची. लहानपणी शाळेत मुली नाक मुरडायला टपलेल्या असायच्या, पण माझ्या दप्तराला कधी मासळीचा वास आला नाही.

आणि तिचा दुसरा स्वभाव पाण्याचा. आई लग्न होऊन आली तेव्हा घरात नळ नव्हता. तिन्ही बाजूंना पाणी, पण खारं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं आणि बायका गोड्या पाण्यासाठी डोक्यावर हंडे घेऊन लांब चालत जायच्या. पहिलं बाळ पोटात असताना आई हंड्यासकट पडली होती. ते बाळ राहिलं नाही. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही कोलंबी सोलता सोलता. पण तिच्या राज्यात गोडं पाणी ओतून टाकायची कुणाची छाती नव्हती. पाहुण्याने अर्धा ग्लास पाणी ठेवलं तर ते तुळशीला जायचं. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत, भाज्यांचं पाणी भांड्यांना. आता चोवीस तास नळ आहे, तरी तिचं तेच. आम्ही भावंडं तिला चिडवायचो, "आई, समुद्र आटला तरी तुझा हंडा आटणार नाही." ती म्हणायची, "तुमी कदी डोक्यावर आनलंय पानी?"

यंत्र आलं त्या रविवारी मी तिला सगळं शिकवायला गेले. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, हातात ग्लोव्ह्ज चढवले आणि कामावरच्या आवाजात सुरू झाले. आई पदर खोचून, कमरेवर हात ठेवून उभी.

"घरात कसले ग्लोव घालतेस," ती म्हणाली. "बापूस हाय तो तुझा."

मी ग्लोव्ह्ज काढले. वाफेची वाटी दर वेळी सुटी करून कशी धुवायची ते दाखवलं. मास्क व्हिनेगरच्या पाण्यात किती वेळ ठेवायचा ते दाखवलं. वाळवायला स्वच्छ रुमालावर, घरात ठेवायचं. गच्चीवर बोंबील वाळत घालायच्या दोरीवर नाही. यावर ती जाम बिघडली.

"मना एवढी अक्कल नाय क? दोरीवर घालीन मी मास्क?"

मग बाटली. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर मी ते शेकडो वेळा मनात म्हणून बघितलं आहे. मी म्हणाले, "ही रोज सकाळी खोलायची. आतून-बाहेरून साबणाने धुवायची, चांगली खळबळायची. मग पाणी घालायचं, वरच्या रेघेपर्यंत. रेघेच्या खाली पाणी जाऊ द्यायचं नाही. नळाचं नाही घालायचं, हे कॅनमधलं घालायचं. हे डिस्टिल्ड वॉटर आहे आई, एकदम शुद्ध. यात काही म्हणजे काही नसतं."

"गोडं हाय?" तिने विचारलं.

"गोड्यापेक्षा गोडं," मी म्हणाले.

पाच-पाच लिटरचे दोन कॅन मी घेऊन गेले होते. ते ओट्याखाली ठेवले. आईने मान डोलावली. मला वाटलं, झालं.

पुढच्या रविवारी मी गेले ती तपासायलाच. खोडच ती. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी यंत्राची बाटली काढली, रिकामी केली, खिडकीजवळ नेली आणि सिस्टरांसारखा एक डोळा मिटून आत बघितलं. आत कुठेही शेवाळ नव्हतं, बुळबुळीतपणा नव्हता, झाकणाच्या आट्यांतसुद्धा मळ नव्हता. वाफेची वाटी, मास्क, सगळं लख्ख. आमच्या विभागात नवीन आलेल्या मुलींना असं धुणं सहा महिन्यांत जमत नाही.

मी म्हणाले, "आई, तू आमच्याकडे हॉस्पिटलात कामाला ये. तुझ्यासारखं कुणी धूत नाही."

ती लाजली. माझी आई लाजलेली मी क्वचितच पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी तिने ते अख्ख्या बाजाराला सांगितलं. माझी पोरगी हॉस्पिटलात हेच काम करते, तिनं खिडकीजवळ धरून बघितलं आणि मना बोलली, ये कामाला. बाबाही मला म्हणाले, "तुझी आई आता मासली सोडून डॉक्टर होनार."

त्यानंतर मी दर रविवारी बाटली बघायची आणि दर रविवारी ती लख्ख असायची. आई रांधण्यात गुंतलेली असताना मी पाणी ओतून बाटली बघायची, नवीन पाणी भरून लावायची आणि जेवायला बसायची. आठवड्यातून एक दिवस ते पाणी बदलत होतं, ते माझ्यामुळे. उरलेल्या सहा दिवसांचा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

कामावर आम्ही कुठलं औषध किती वापरलं त्याची नोंद ठेवतो. जंतुनाशकाचा कॅन संपायला हवा त्या दिवशी संपला नाही तर सिस्टर विचारतात, का नाही संपला, कोण कमी घालतंय? माझ्या माहेरी दोन कॅन दीड महिन्यातही संपले नाहीत. कॅन संपला, पाणी आण, असं आईने एकदाही म्हटलं नाही आणि दर रविवारी त्याच कॅनमधून पाणी घेऊनही मला ते खटकलं नाही.

सातव्या आठवड्यात बाबांना ताप आला. कफ हिरवट झाला. दोन दिवसांत ते आम्हाला नीट ओळखेनासे झाले. भावाने गाडी आणली आणि आम्ही त्यांना माझ्याच हॉस्पिटलात नेलं. आधी घट्ट मास्क लावून श्वास दिला, तो पुरेना म्हणून चौथ्या दिवशी घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला.

त्या मास्कचं काम संपलं आणि तो खाली आला. पिशवीवर बेड नंबर लिहिलेला असतो. तो नंबर माझ्या डोक्यात दिवसभर घोळत होता, म्हणून मी नुसती बघतच राहिले. सिस्टर म्हणाल्या, "ठेव तो. मी करते."

मी म्हणाले, "नाही, मी करते."

मास्कच्या कडेला बाबांच्या मिशीचे दोन पांढरे केस चिकटले होते. मी ते आधी काढले, मग जोड सुटे केले, मग गार पाणी घेतलं. प्रत्येक पायरी केली. शेवटी मास्क दिव्यासमोर धरला तेव्हा मला काही दिसत नव्हतं, म्हणून मी तो सिस्टरांच्या हातात दिला. त्यांनी बघितलं आणि बाजूला ठेवला. त्या दिवशी त्या "दाखव" म्हणाल्या नाहीत.

कफाची तपासणी आली. वरच्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "घरी ऑक्सिजनच्या बाटलीत कुठलं पाणी घालता? हे जंतू साचलेल्या पाण्यात वाढतात."

मला इतका राग आला. मी म्हणाले, "सर, मी हेच काम करते. डिस्टिल्ड घालतो. बाटली रोज धुतली जाते. मी स्वतः बघितली आहे."

ते म्हणाले, "बरं, मग दुसरीकडून आलं असेल." डॉक्टर माणूस चांगला होता. त्याने वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांचा धुतलेला सदरा आणि त्यांची कानटोपी आणायला मी दिवाळ्याला गेले. आई नुकतीच बाजारातून आली होती. बाजाराला जाऊ नकोस म्हटलं तर म्हणाली, घरात बसून यंत्राकडे बघवत नाही. मी ओट्याखालून पिशवी काढायला वाकले आणि मला कॅन दिसले. एकाचं सील तसंच होतं. दुसरा अर्ध्याच्या वर भरलेला.

मी तशीच वाकून राहिले. रोज बाटलीभर पाणी बदललं असतं तर वीस दिवसांत एक कॅन संपायला हवा होता. मी मनात पुन्हा पुन्हा हिशेब केला आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं.

"आई," मी विचारलं, "बाटली कशी धुतेस ते मला परत एकदा दाखव ना."

तिला वाटलं मी तिचं मन रमवायला विचारते आहे. तिने फडताळातून एक स्टीलचा तांब्या काढला. त्यावर वाटी झाकलेली होती. वाटी उचलून तिने तो माझ्यापुढे धरला. आत पाणी होतं.

"या तांब्यात पयलं बाटलीतलं पानी काढून ठेवायचं," ती म्हणाली. "तांब्या रोज घासते मी, दुसरं काय घालत नाय त्यात. मंग बाटली धुवायची साबनानं. मंग हेच पानी परत घालायचं. कमी पडलं तर कॅनमधलं, रेघेपरत." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "त्यांना नेला त्या दिवशी काढलेलं हाय. ठेवलंय झाकून. आले की लगेच लावता येईल."

बाबांना नेऊन तेव्हा सात दिवस झाले होते.

मी तांब्या नाकाजवळ नेला. वास म्हणावा असा नव्हता. जुन्या फडक्याला येतो तसा थोडासा ओलट, तोही शोधला तरच. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, मी पहिल्यांदा बाटली खिडकीजवळ नेली होती तेव्हाचा. ती शाबासकीची वाट बघत होती.

नवरा हॉस्पिटलात मशीनवर आणि बायकोला मी काय सांगणार होते? तू इतक्या काळजीने जपलेलं पाणी, तेच त्यांच्या छातीत गेलं? आई गच्चीवर सदरा काढायला गेली तेवढ्यात मी तांब्या मोरीत उपडा केला आणि तीन वेळा उकळतं पाणी घालून घासला.

ती खाली आली. "पानी?"

"सांडलं माझ्या हातून."

"सांडलंस?" ती रागावली. "किती धडपडी गं तू. एवढं ठेवलेलं." नंतर बसच्या थांब्यापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

मी डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. माफीही मागितली. ते म्हणाले, असेल, नसेलही. फुफ्फुसंच इतकी झिजलेली होती की साध्या सर्दीनेही हे झालं असतं. नक्की कुठून आलं ते कुणीच सांगू शकत नाही. ते खरंच बोलत होते, हे मला माहीत आहे. पण "असेल" हा शब्दही त्यांनीच आधी उच्चारला होता.

चार दिवसांनी दुपारी बाबा गेले. त्यांची शेवटची नळी मी धुतली नाही, मी घरी होते. सिस्टरांनी धुतली. कामावर परत आले तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं, "मी स्वतः केली." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, तेही जंतुनाशकाच्या वासात.

तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. आई येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, यंत्र किती निगुतीनं ठेवलं, बाटली रोज धुतली, तरी माणूस हाताला लागला नाही. बायका म्हणायच्या, तू केलंस गं सगळं, तुझ्याकडून काय राहिलं नाही. आई मान हलवायची. तेवढाच तिला आधार होता. मी स्वयंपाकघरात भात उपसत ऐकायचे आणि ठरवायचे, हे माझ्याबरोबरच जाईल. कुणाला कळायची गरज नाही. माणूस तर परत येणार नाही, मग निदान आईला तरी सुखाने झोपू दे.

मी हे निभावलं असतं. पण महिनाभराने आईचा फोन आला.

"पलीकडच्या मावशीच्या नवऱ्याला पन यंत्र लावायला सांगितलंय," ती म्हणाली. "आपलं पडूनच हाय. देऊन टाकते. नुसतं ठेवून बिघरून जाईल. आनि धुवायचं कसं ते मीच शिकवीन तिला. तू बोलली होतीस ना, माझ्यासारखं कोनी धूत नाय."

ती किती दिवसांनी अशी उत्साहाने बोलत होती. "रविवारी मी येते," मी म्हणाले. "मी येईपर्यंत देऊ नकोस."

रविवारी गेले तर मावशी आधीच येऊन बसली होती. ती आईच्याच वयाची, आईसारखीच हंड्यांच्या काळातली. आईने ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं होतं. यंत्र पुसून लखलखीत केलं होतं आणि शिकवायला म्हणून बाटलीत पाणी भरून ठेवलं होतं. शेजारी तांब्या आणि वाटी.

मला बसायलाही वेळ मिळाला नाही. आई माझ्याच आवाजात, माझ्याच शब्दांत सुरू झाली. रोज सकाळी खोलायची, आतून-बाहेरून साबणाने, चांगली खळबळायची. मग तिने तांब्या पुढे ओढला. "पयलं यातलं पानी यात काढायचं."

"हां," मावशी म्हणाली. "गोडं पानी कशाला ओतायचं."

दोघींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी जागेवरून उठले, आईच्या हातातून बाटली घेतली आणि मोरीत ओतली. सगळं. शेवटचा थेंब झटकला. मग साबणाने धुतली, खळबळली, कॅनचं सील फोडून नवीन पाणी रेघेपर्यंत भरलं. मावशीकडे बघून म्हणाले, "जुनं पाणी रोज ओतून टाकायचं मावशी. एक थेंबही परत घालायचा नाही. कितीही स्वच्छ दिसलं तरी. पाणी साचलं की त्यात जंतू होतात आणि ते सरळ छातीत जातात."

मी आईकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

"रोज?" मागून आईचा आवाज आला.

"रोज."

मावशीने दोन-तीनदा विचारून पाठ केलं. तिचा मुलगा येऊन यंत्र घेऊन गेला, मावशी त्याच्या मागे गेली. उशाशी यंत्राची जागा मोकळी दिसत होती. आई मोरीत जाऊन तांब्या घासत बसली. स्वच्छच होता तो. बराच वेळ नुसता घासण्याचा आवाज येत होता.

"त्या दिवशी पानी सांडलं नवतं तुझ्या हातून," ती पाठमोरीच म्हणाली.

"नाही."

"मंग मना कशाला बोललीस, हॉस्पिटलात कामाला ये?"

"मी बाटली बघितली होती गं," मी म्हणाले. "पाणी नाही बघितलं. ओतून टाक, हे मी सांगायला हवं होतं. माझं चुकलं. मी तुला कधीच नाही सांगितलं."

मग मी घाईघाईने डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, फुफ्फुसं झिजलेली होती, कुठून आलं ते कुणीच सांगू शकत नाही. तिने मला पुरं बोलू दिलं. मग मागे वळून म्हणाली, "डॉक्टरचं नको सांगू. तू अकरा वर्सं हेच काम करतेस. तू सांग."

मी ओट्यावरच्या वर्तमानपत्राची घडी घालायला लागले. आईने घडी होईपर्यंत वाट बघितली. मग तिने तांब्या पुसला आणि फडताळात अगदी मागे, आमच्या जुन्या पितळी भांड्यांच्या पाठी ठेवून दिला. आम्ही जेवलो. तिने मला बोंबील बांधून दिले. जाताना म्हणाली, "मावशीला सांगितलंस ते बरं केलंस."

त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही. मावशीचा नवरा बरा आहे, बाटलीतलं पाणी रोज बदलतं. मी एकदा जाऊन बघून आले, कॅन संपायला हवा तसा संपतो आहे. मी कामावर पूर्वीसारखीच आहे. फक्त नव्या मुलींना शिकवताना आता पाणी ओतायचंसुद्धा करून दाखवते. त्या एकमेकींकडे बघून हसतात, एवढं काय त्यात.

गेल्या रविवारी मी दिवाळ्याला गेले तेव्हा दार उघडंच होतं. आई मोरीत उभी राहून पिण्याच्या पाण्याचा हंडा रिकामा करत होती. हंडा जवळजवळ भरलेला होता.

"आई, प्यायचं पाणी आहे ते," मी म्हणाले. "त्याला काही होत नाही."

"कालचं हाय," ती म्हणाली आणि पाणी संपेपर्यंत हंडा तसाच धरून उभी राहिली.